धान्याची दोरी

बारामती आणि इंदापूर म्हटले की ऊस, कारखाने, द्राक्षे आणि डाळिंबे डोळ्यांपुढे येतात. हे चित्र खरे आहे, पण अर्धे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी ज्या शिवारात खेळते ते मागे पडले की सुपे, उंडवडी, शिर्सुफळ, तिकडे इंदापुरात लाकडी, निंबोडी, काझड असा जुना जिरायत पट्टा लागतो. सह्याद्रीने अडवून उरलेल्या पावसावर जगणारी ही गावे. माळाच्या उताराला आडवे घातलेले मातीचे बांध इथे जागोजाग दिसतात. हे पाझर तलाव. पावसाळ्यात साठलेले पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उतरते. गावच्या माणसांनीच ते डोक्यावर माती वाहून बांधले. त्या मजुरीचा मोबदला बऱ्याच ठिकाणी रोख पैशांत मिळाला नव्हता, गव्हात मिळाला होता. आणि तो गहू अमेरिकेचा होता.

भारताच्या परराष्ट्र धोरणाचा इतिहास दिल्ली, वॉशिंग्टन, मॉस्को, ढाका या शहरांच्या नावांनी सांगितला जातो. तो या दोन तालुक्यांतून सांगितला तर एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. मोठ्या, गरीब आणि निवडणुकांवर चालणाऱ्या देशाला बाहेर किती बोलता येईल आणि शेजाऱ्याला दिलेला शब्द किती पाळता येईल, हे पुष्कळदा त्याच्या कोठारातल्या धान्यावर ठरत आले आहे. आधी ते कोठार दुसऱ्याच्या गव्हाने भरत होते. पुढे ते आपल्या धान्याने भरले, पण दोरी सुटली नाही. तिचे टोक फक्त दुसऱ्या हातात गेले.

जगाचे धक्के या भागाला नवे नव्हते. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस थांबला आणि मुंबई इलाख्यात कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. त्यातच १८६७ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जमिनीची फेरमोजणी होऊन सारा वाढला. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये याच इंदापुरात आपली सारा-पद्धत पहिल्यांदा बसवली होती. सारा वाढला, भाव उतरले, सावकाराने हात आखडला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि कर्जखते जाळली. दख्खनच्या दंग्यांची ठिणगी ती. व्हर्जिनियातल्या तोफा थांबल्याची झळ दहा वर्षांनी सुप्याला लागली होती. पण तेव्हा परराष्ट्र धोरण लंडनचे होते. स्वातंत्र्यानंतर ते आपले झाले, आणि खरी अडचण तेव्हा सुरू झाली.

१० जुलै १९५४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एका कायद्यावर सही केली. पब्लिक लॉ ४८०, म्हणजे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतला ‘पीएल-४८०’. अमेरिकेच्या कोठारांत मावेनासा झालेला गहू मित्रदेशांना त्यांच्याच चलनात विकायचा, अशी ही सोय. डॉलरची चणचण असलेल्या भारताला रुपये देऊन गहू मिळत होता, यापेक्षा बरे काय असणार? पहिला करार १९५६ मध्ये झाला. मे १९६० मध्ये अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनला जाऊन १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ असा चार वर्षांचा प्रचंड करार केला. मुंबईच्या राजकारणावर हुकमत असलेला हा मराठी मंत्री शहरी ग्राहकाची नाडी ओळखून होता. रेशनवरचा गहू स्वस्त राहिला तर गिरण्या चालतील आणि शहर शांत राहील, हा त्यांचा हिशेब त्या घडीला चुकीचा नव्हता. पण बाहेरचा गहू स्वस्त येत राहिला की इथल्या शेतकऱ्याला जादा पिकवण्याचे कारण उरत नाही. जिरायत पट्ट्यातल्या ज्वारी-बाजरीच्या शेतकऱ्याने ही किंमत मुकाट्याने मोजली, आणि तिची नोंद कुठल्याही करारात नाही.

१९६५ मध्ये पावसाने दगा दिला. १९६४-६५ मध्ये देशात सुमारे ८ कोटी ९० लाख टन धान्य पिकले होते, ते पुढच्या वर्षी ७ कोटी २० लाख टनांवर आले. त्याच वर्षी सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध झाले. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. लढाई सुरू होताच अमेरिकेने दोन्ही देशांची मदत रोखली. अध्यक्ष जॉन्सन यांनी त्याआधीच भारताशी दीर्घ मुदतीचा नवा करार करायचे टाळले होते. एकदम वर्षाचा गहू द्यायचा नाही, महिन्या-दोन महिन्यांपुरता द्यायचा, दोरी आखूड धरायची, हे त्यांचे धोरण होते. प्रत्येक खेप स्वतः अध्यक्ष मंजूर करत. मुंबई बंदरात जहाज लागायचे आणि त्यातला गहू साठवणुकीत न थांबता रेशन दुकानांकडे निघायचा. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडायला सांगितले आणि घराघरांत सोमवारी संध्याकाळी चूल थंड राहू लागली. महाराष्ट्रात मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी शनिवारवाड्यापुढच्या सभेत जाहीर केले की दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फासावर चढवा.

जॉन्सन यांच्या मनात केवळ राग नव्हता, हेही नोंदवायला हवे. भारताने शेतीकडे लक्ष द्यावे, खते, बियाणे आणि भावाची हमी यांवर पैसा घालावा, अशी त्यांची अट होती. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोममध्ये अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांच्यात तसा गुप्त समझोता झाला. सुब्रमण्यम यांना नेमके तेच करायचे होते. म्हणजे देशाच्या हिताचा निर्णय आणि बाहेरचा दबाव एकाच वेळी, एकाच कागदावर आले. पण लोकशाहीतल्या मंत्र्याला हे उघड सांगता येत नव्हते. संसदेत डावे आणि उजवे दोघेही तुटून पडले असते.

मार्च १९६६ मध्ये नव्या पंतप्रधान इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या, मोठे स्वागत झाले, मदतीची आश्वासने मिळाली. ६ जूनला रुपयाचे अवमूल्यन झाले. एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत, ते साडेसात रुपये पडू लागले. घरी टीकेचा भडिमार झाला. जुलैत त्यांनी उत्तर व्हिएतनामवरचे बॉम्बहल्ले थांबवण्याचे आवाहन केले आणि मॉस्कोत सोव्हिएत नेत्यांबरोबरच्या संयुक्त पत्रकात साम्राज्यवाद्यांविरुद्धची भाषा आली. जॉन्सन संतापले. गव्हाच्या मंजुऱ्या आणखी रेंगाळल्या. त्या काळची एक गोष्ट दिल्लीत वर्षानुवर्षे सांगितली जाते. व्हिएतनामबद्दल भारत जे म्हणतो तेच पोप आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट म्हणतात, असे कोणीतरी वॉशिंग्टनमध्ये निदर्शनास आणले, तेव्हा उत्तर मिळाले की त्या दोघांना आमचा गहू लागत नाही. त्याच हिवाळ्यात बिहारमध्ये दुष्काळ होता.

इंदिरा गांधींनी व्हिएतनामवरची भूमिका सोडली नाही, याचा मला अभिमान वाटतो. पण त्या भूमिकेतला एकेक शब्द जहाजांच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावा लागत होता, हेही तितकेच खरे. अलिप्ततावादावर लिहिणारे पुष्कळदा पहिली गोष्ट सांगतात आणि दुसरी गाळतात.

याच गव्हाचा एक छोटा वाटा धर्मादाय संस्थांच्या हाती येत होता. त्याला रुपयेही मोजावे लागत नसत. ‘कासा’ ही चर्चची मदत संस्था त्यांपैकी एक. १९६७ मध्ये बारामतीतून सव्वीस वर्षांचे शरद पवार आमदार झाले. दुष्काळी गावांना फुकट धान्य वाटण्यापेक्षा कामाच्या बदल्यात धान्य द्यावे आणि कामातून पाणी अडवावे, ही कल्पना इथे रुजली. कासाचा गहू आणि तेल आले, गावाने जागा दिली, माणसांनी हात दिले, तलाव उभे राहिले. शेतीतल्या नव्या प्रयोगांत मुरलेले अप्पासाहेब पवार या कामाचे खंदे कर्ते होते. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानच्या मुळाशी हीच पाण्याची कामे होती.

जो गहू दिल्लीचा गळा आवळत होता, त्याच्याच पोत्यांतून शिर्सुफळच्या आसपासच्या माळावर विहिरींना पाणी आले. मदत म्हणजे गुलामी, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे तलाव पाहायला हवेत. राष्ट्राच्या कोठाराला लागलेली मदत आणि गावाच्या बांधाला लागलेली मदत यांत फरक आहे. एक खाऊन संपते आणि पुन्हा मागावी लागते. दुसरीने पाणी मुरवले, आणि त्या पाण्यावरचे पीक कुणाच्या सहीसाठी थांबले नाही.

पुढची चार वर्षे झपाट्याने गेली. मेक्सिकोचे गव्हाचे बियाणे १९६६ मध्ये १८ हजार टन आले, १९६८ च्या उन्हाळ्यात पंजाबात शाळांच्या खोल्यांतही गहू भरून ठेवावा लागला. महाराष्ट्रात संकरित ज्वारी पसरली. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आले, भारताने त्यांना पोसले आणि डिसेंबरात युद्धही लढले. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी मदत थांबवली. या वेळी दिल्ली डगमगली नाही, कारण कोठारात धान्य होते. त्या वर्षाअखेर भारताने पीएल-४८० चा सवलतीचा गहू घेणेच बंद केले. १९७१ चे निर्णय ज्या धीराने घेतले गेले त्यात सैन्याइतकाच वाटा शेतकऱ्याचा आहे, आणि तो त्याला क्वचितच दिला जातो.

लगेच दैवाने परीक्षा पाहिली. १९७० आणि ७१ चा पाऊस कमीच होता, १९७२ चा तर आलाच नाही. बारामती-इंदापूरच्या जिरायत भागात विहिरी आटल्या, जनावरे विकली गेली किंवा मेली. रस्त्यांवर खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांची रांग लागली. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. कामावर सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ मिळायचा आणि रेशनवर तांबडी मिलो. समुद्रापलीकडून आलेला हा लाल जोंधळा. तिची भाकर थापताना मोडायची, घशाखाली उतरायची नाही, पण पोटात काहीतरी जायचे. त्या पिढीतल्या म्हाताऱ्या माणसांपुढे आजही मिलोचे नाव काढले तर चेहऱ्यावर ती चव उमटते. राज्याने हा दुष्काळ भूकबळींच्या राशी न लावता निभावला आणि त्यातूनच वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना उभी राहिली. पण देशाला पुन्हा बाहेरून धान्य घ्यावे लागले. फरक एवढाच की बरेचसे रोखीने घेतले आणि १९७३ मध्ये सोव्हिएत संघाकडून २० लाख टन गहू उसना आणला. एका महासत्तेची दोरी सोडली तशी दुसरीची मैत्री अधिक जवळची झाली. याच काळात, स्वतः उपाशी असताना, भारत नव्या बांगलादेशला धान्य देत होता.

फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत डॅनियल मॉयनिहान यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारताच्या हाती ठेवला. गव्हाच्या बदल्यात साचलेल्या रुपयांचा मोठा हिस्सा अमेरिकेने असा सोडून दिला. तेव्हा अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण होते. भारताचा अध्याय बहुतांशी इथे मिटला. बांगलादेशचा मात्र त्याच वर्षी उघडला. महापुराने तिथे भीषण दुष्काळ पडला आणि अमेरिकेने धान्य अडकवले. कारण काय, तर बांगलादेशाने क्युबाला ज्यूटची पोती विकली होती आणि क्युबाशी व्यापार करणाऱ्याला पीएल-४८० चे धान्य देता येत नव्हते. पोत्यांची विक्री थांबवल्यावर जहाजे सुटली, तोवर लाखो माणसे गेली होती. आपल्याला जी दोरी टोचली ती शेजाऱ्याला फास ठरली.

एवढे भोगलेला देश देणाऱ्याच्या जागी बसल्यावर वेगळा वागेल, अशी अपेक्षा करणे वावगे नव्हते.

२००४ मध्ये बारामतीचेच शरद पवार केंद्रात कृषिमंत्री झाले. २०११ च्या सुरुवातीपर्यंत अन्न खातेही त्यांच्याकडे होते. ज्यांनी कामाच्या बदल्यात परदेशी गहू वाटला, त्यांच्याच हाती आता देशाची कोठारे होती. २००६ मध्ये साठा घसरला म्हणून भारताने पुन्हा गहू आयात केला. ऑक्टोबर २००७ मध्ये जगात भाव चढू लागले तेव्हा सरकारने बिगरबासमती तांदळाची निर्यात रोखली. महिनाभरात, १५ नोव्हेंबरला, सिद्र चक्रीवादळाने बांगलादेशाचा किनारा उद्ध्वस्त केला. परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी डिसेंबरात तिथे गेले आणि बंदीतून वाट काढून ५ लाख टन तांदूळ देण्याचा शब्द दिला. शब्द मनापासूनचा होता. पण भाव ठरवण्यात आणि कागद हलण्यात महिने गेले, ढाक्यातल्या रांगा वाढत गेल्या आणि मदतीचे पुण्य कुरबुरीत विरले.

यात कोणा एका मंत्र्याचा दोष काढून भागत नाही. परराष्ट्र खाते शेजाऱ्याला शब्द देते, अन्न खाते साठा मोजते, वाणिज्य खाते अधिसूचना काढते, आणि तिघांच्याही डोक्यावर ग्राहकाच्या मताची टांगती तलवार असते. १९९८ मध्ये कांद्याच्या भावाने दिल्ली राज्याचे सरकार घालवले, ही आठवण सगळ्या पक्षांनी जपून ठेवली आहे. त्यामुळे सरकार कोणाचेही असो, भाव चढला की पहिला हात निर्यातीवर पडतो. शेजाऱ्याला आपल्याकडे मत नसते. शेतकऱ्याला असते, पण ग्राहकांची संख्या त्याच्याहून मोठी.

२९ सप्टेंबर २०१९ रोजी कांद्याची निर्यात एका दिवसात बंद झाली. त्याच आठवड्यात बांगलादेशाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. व्यापाऱ्यांच्या सभेत त्यांनी हिंदीत सांगितले की कांद्याची अडचण झाली, स्वयंपाक्याला कांदा न घालता रांधायला सांगितले आहे, निदान आधी कळवत जा. सभागृह हसले. त्यांची मागणी मात्र गंभीर होती, आणि ती नेमकी तीच होती जी बारामती-इंदापूरचा शेतकरी वर्षानुवर्षे करत आला आहे: आधी सांगा. वर्षभराने, सप्टेंबर २०२० मध्ये, पुन्हा तशीच बंदी आली.

डिसेंबर २०२३ मध्ये तिसऱ्यांदा. त्याच आठवड्यात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावरही निर्बंध आले, म्हणजे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांच्या परिसरात एकाच वेळी दोन पिकांवर घाव बसला. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. बंदी चालू असतानाच बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, बहारीन यांना सहकारी निर्यात संस्थेमार्फत ठरावीक टन कांदा देण्याची परवानगी निघत राहिली. शेजारधर्म पाळला गेला, पण शेतकऱ्याला खुला बाजार मिळाला नाही. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, किमान निर्यात मूल्य टनाला ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्क लावून. तीन दिवसांनी, ७ मे रोजी, बारामती लोकसभा मतदारसंघात मतदान होते. त्यात बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर हे कांदा ओळखणारे तालुके येतात.

साखरेची कथा याहून गुंतागुंतीची. एफआरपी हा उसाचा कायद्याने ठरणारा किमान दर. तो शेतकऱ्याला मिळालाच पाहिजे, यावर इथे दुमत नाही. पण साखर जास्त झाली की ती बाहेर काढायला अनुदान द्यावे लागते. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला. उसाला दिलेला आधार मर्यादेबाहेरचा ठरला. भारताने अपील केले, पण ज्या अपील मंडळापुढे ते जायचे ते डिसेंबर २०१९ पासूनच न्यायाधीशांअभावी बंद पडले आहे. इंदापूरच्या उसाचा दर जिनिव्हात वादाचा विषय होतो आणि कोणतेही सरकार तो कमी करू शकत नाही. यात मी सरकारच्या बाजूने आहे. उसाच्या बिलावर लग्ने, शाळा, दवाखाना चालणाऱ्या भागात तो दर हा परदेशी वकिलांनी ठरवायचा आकडा नव्हे. पण तीच साखर २०२१-२२ मध्ये सुमारे ११० लाख टन बाहेर जाते आणि २०२३-२४ मध्ये निर्यात जवळपास शून्यावर आणली जाते, तेव्हा आपल्यावर विसंबलेल्या गिऱ्हाइकाने काय करायचे?

कधी कधी शब्द पाळायची इच्छा आणि माल दोन्ही असतात, वाट नसते. २०२१ मध्ये भारताने अफगाणिस्तानला ५० हजार टन गहू देऊ केला. मध्ये पाकिस्तान. परवानगी, ट्रक कोणाचे, चालक कोणते, या चर्चेत हिवाळ्याचे महिने गेले आणि पहिला ताफा २२ फेब्रुवारी २०२२ रोजी अटारीहून निघाला.

तोडगा नाही असे नाही. मालदीवशी १९८१ पासून करार आहे. तांदूळ, साखर, कांदा, बटाटे, अंडी यांचा वार्षिक कोटा ठरतो आणि इथे बंदी असली तरी तो जातो. २०२४ मध्ये माले आणि दिल्ली यांच्यात पराकोटीचा ताण होता, मालदीवने भारतीय सैनिकांना परत जायला सांगितले होते, तरी त्या वर्षीचा कोटा वाढवून दिला गेला. बांगलादेशाने २०२२ मध्ये असाच कोटा मागितला होता: गहू, तांदूळ, साखर, कांदा, वर्षाचा आकडा आधी ठरलेला. मालदीवची पाच-सहा लाख माणसे आणि बांगलादेशाची सतरा कोटी, हा फरक मोठा आहे, आणि आपल्याकडे दुष्काळ पडला तर तो आकडा पाळणे सोपे जाणार नाही. तरीही ठरावीक कोटा झाला असता तर इंदापूरच्या कांदाचाळीतल्या मालाला आणि कारखान्याच्या गोदामातल्या साखरेला एक पक्के गिऱ्हाईक मिळाले असते, आणि मंत्र्याला बंदीची अधिसूचना काढताना दोनदा विचार करावा लागला असता. तो करार झाला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये हसीना सरकार कोसळले. त्यानंतरही ढाक्याने भारताकडून तांदूळ घेतला, पण आता ढाका एकाच दुकानात जात नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बांगलादेशाने पाकिस्तानकडून ५० हजार टन तांदूळ घेतला. १९७१ नंतर त्या दोन सरकारांमधला हा पहिला थेट व्यापार होता.